नळीची कड

“हा नुसता वाजतो, की थरथरतोही?” मायक्रोमीटरनं विचारलं.

“दोन्ही. बटण दोनदा दाबलं की आवाज बंद, नुसती थरथर,” दुकानदार म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा सांगत होता आणि त्याच्या आवाजातला गोडवा एव्हाना आटत आला होता. दुकान गळांचं, दोऱ्यांचं, मासेमारीच्या काठ्यांचं. जमिनीतला धातू शोधायची यंत्रं कोपऱ्यातल्या एका फळीवर, कारण ती घेणारी गिऱ्हाइकं बोटावर मोजण्याइतकी. त्यातलं एक गिऱ्हाईक, हा मायक्रोमीटर, दुकान उघडल्यापासून काउंटरला चिकटलं होतं आणि जायचं नाव घेत नव्हतं.

काउंटरवर तीन पिनपॉइंटर मांडलेले होते. गाजराएवढी आणि साधारण त्याच आकाराची वस्तू. मोठं यंत्र जमिनीवरून फिरवलं की ते सांगतं, इथे कुठेतरी धातू आहे. त्याचं ‘इथे’ म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं. तेवढी माती उकरून त्यात मातीच्याच रंगाचं नाणं हुडकता हुडकता नाकी नऊ येतात. पिनपॉइंटरचं टोक खड्ड्यात खुपसलं की तो नेमकी जागा दाखवतो.

मायक्रोमीटरनं खिशातून एक पितळी वाशर काढून काचेवर ठेवला, बाजूला स्टीलची पट्टी ठेवली आणि एकेक पिनपॉइंटर हळूहळू वाशरकडे सरकवून कोण किती अंतरावरून बोलतो ते बघितलं. मग वाशर उभा धरून बघितलं. मग दुकानदाराच्या हातातली अंगठी मागितली, ती मिळाली नाही.

“नारिंगी घ्या साहेब, डोळे मिटून घ्या,” दुकानदार म्हणाला. “केवढ्या लांबून ओरडतो बघा. गवतात पडला तरी दिसतो, पाण्यातही चालतो.”

“लांबून ओरडणारा काय कामाचा? वस्तू इथे आणि हा तिथून बोंब मारणार. मग मी खणू कुठे? अगदी टेकल्याशिवाय तोंड उघडू नये, असा पाहिजे.”

“मग हा काळा घ्या. त्याला नाहीतरी लांबचं काही कळत नाही.” दुकानदारानं टोमणा मारला होता. मायक्रोमीटरनं तो माहिती म्हणून घेतला.

“याची किंमत कमी का?”

“खरं सांगू? तापला की आपोआप गुणगुणायला लागतो. लोक परत आणून देतात.”

“बंद करून पुन्हा चालू केला की?”

“मग बसतो गप्प.”

“माणसांपेक्षा बरा,” मायक्रोमीटर म्हणाला. दुकानदार सकाळपासून पहिल्यांदा हसला आणि त्यानं घाईघाईनं काळा पिनपॉइंटर खोक्यात भरला, न जाणो गिऱ्हाइकाचं मन बदलायचं. नारिंगी घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण स्वस्तात मिळालेली अचूक वस्तू सोडून देईल तो मायक्रोमीटर कसला!

मायक्रोमीटर म्हणजे केसाचीही जाडी मोजणारं हत्यार; हे नाव त्याला पंपांच्या कारखान्यात पडलं. तिथे त्याचं आयुष्य लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, गेलं. त्याच्या हातून गेलेला भाग तपासणीला पाठवायची गरज नाही, असं साहेबसुद्धा म्हणायचे. दुसऱ्यानं केलेला भाग मात्र तो कोणी सांगितलेलं नसताना तपासायचा आणि चूक निघाली की चारचौघांत दाखवायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर जागा रिकामी असायची. त्याला वाटायचं, लोक आपल्याला मान देतात.

निवृत्त झाला आणि कारखान्यातली ती नजर तो घरी घेऊन आला. पंखा गरजेपेक्षा जोरात फिरतोय. नळ पुरता बंद केलेला नाही. चमच्यांच्या कप्प्यात काटा कसा आला? भाजीचे तुकडे एकसारखे नाहीत, मग ते एकाच वेळी शिजतील कसे? तो कधी ओरडला नाही, कधी हात उगारला नाही, दारूच्या थेंबाला शिवला नाही. तो फक्त दुरुस्त करायचा. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत तो बायकोला दुरुस्त करत असायचा आणि ती “हो” म्हणायची. त्या दोघांच्या संसारात बायकोनं किती वेळा “हो” म्हटलं असेल, ते मोजायचं मात्र त्याला कधी सुचलं नाही.

मुलानं परगावाहून ते मोठं यंत्र पाठवलं आणि रविवारचा प्रश्न सुटला. वस्तीच्या टोकाला घोड्यांच्या शर्यतींचं जुनं मैदान होतं. शर्यती बंद होऊन जमाना लोटला होता; आता तिथे लोक कुत्री फिरवायचे. मायक्रोमीटरनं मैदानाचा नकाशा काढला, दोऱ्या ताणून चौकोन आखले, खुंट्या ठोकल्या. एका रविवारी एक चौकोन. शनिवारी दुपारी जेवताना तो जाहीर करायचा, “उद्या दुसऱ्या रांगेतला शेवटचा.” बायको म्हणायची, “बरं.”

पहिले दोन महिने खिळे आणि बाटल्यांची बुचं याशिवाय काही निघालं नाही. तो पडक्या चेहऱ्यानं दुपारच्या आत घरी यायचा आणि उरलेला दिवस कपाटं लावायचा. मग एका रविवारी जुनं पितळी बटण निघालं. पुढच्या रविवारी नाणं. मग किल्ली, घोड्याच्या लगामाची कडी, खिशातल्या घड्याळाचं झाकण. आता कसं दर चौकोनाला काहीतरी मिळायचं. कधी एक, क्वचित दोन, पण रिकामा चौकोन नाही. यावर मायक्रोमीटरनं एक सिद्धांतच मांडला: गर्दीतली माणसं वस्तू कशाही हरवत नाहीत, ठरावीक प्रमाणात हरवतात. वस्तीच्या वाचनालयात त्यानं यावर भाषण दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ग्रंथपालानं दाराजवळचं काचेचं कपाट त्याच्या वस्तूंसाठी रिकामं करून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा काचेमागे त्याचं नाव लागलं. येता-जाता तो तिथे थांबायचा, काचेवर बोटांचे ठसे असले तर पुसायचा.

पिनपॉइंटरला बायकोचा पहिल्यापासून विरोध. एरवी कशालाच विरोध न करणारी बाई याच गोष्टीत अडून बसली होती.

“कशाला हवंय ते? फावडं आहे की.”

“फावड्यानं आख्खा खड्डा काढावा लागतो. माती चाळत बसावं लागतं. याच्यानं निम्म्या वेळात काम होतं.”

“निम्म्या वेळात?” टेबल पुसणारा तिचा हात थांबला. “मग उरलेल्या वेळाचं काय करणार?”

“घरी येईन. दुसरं काय करणार?”

तिनं पुसून झालेलं टेबल पुन्हा पुसलं. “त्या एवढ्याशा यंत्राचा काय भरवसा? स्वस्तातलं असेल,” ती म्हणाली.

“स्वस्त आणि वाईट यात फरक असतो. तुला तो कळायचा नाही,” मायक्रोमीटर म्हणाला. “आणि कोपरा राहिलाय बघ, तिथे डाग आहे.”

तिनं कोपरा पुसला.

रविवारी तो नवा पिनपॉइंटर कमरेला लावून मैदानावर गेला. पावसानं उघडीप देऊन चार-पाच दिवस झाले होते. खालची चिकणमाती अजून ओलसर होती, कापली तशी राहणारी. मोठ्या यंत्रानं चौकोनाच्या मधोमध आवाज दिला. एरवी त्यानं तिथे रुंद फावडं मारून ताटाएवढं गवत उचकटलं असतं. आज गुडघ्यावर बसून त्यानं काळं टोक गवतावरून फिरवलं. हालचाल नाही. जरा डावीकडे, जरा पुढे. मुठीत थरथर झाली. टोक केसभर हललं की थरथर बंद, परत आणलं की चालू. मायक्रोमीटरला इतका आनंद झाला की तो एकटाच मोठ्यानं म्हणाला, “हे असं पाहिजे!”

त्यानं खुरप्याच्या पात्याचं टोक त्या जागेच्या कडेला घातलं आणि हलकेच उचकलं. तर गवताची वाटोळी चकती डब्याच्या झाकणासारखी अलगद वर आली.

खाली गोल भोक होतं. त्यातली माती वरच्यावर दाबलेली, भुसभुशीत. त्यानं ती बोटांनी काढली. तळाशी पट्ट्याचं जाडजूड पितळी बकल होतं. पण बकलाकडे त्याचं लक्ष गेलं नाही. भोकाच्या भिंती गुळगुळीत, सरळ, एकदम गोल. उंदीर-घुशींना असलं काम जमत नाही. आणि त्या भिंतीवर एक बारीक रेघ होती, फिरत फिरत खाली गेलेली, बोल्टच्या आट्यांसारखी.

लेथवर जन्म गेलेल्या माणसाला आटे वाचायला शिकवावं लागत नाही. हे आटे उलटे होते. सरळ हाताचा माणूस हत्यार दाबत फिरवेल ते उजवीकडे. हे डावीकडे फिरवलेलं. त्यानं खिशातली पट्टी काढली, भोकावर आडवी धरली आणि तिच्यावरचा आकडा न वाचताच परत खिशात ठेवली. ते माप त्याला पाठ होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यानं बायकोसाठी एक नळी केली होती. तिला गॅलरीतल्या कुंड्यांत आणि खालच्या सामाईक बागेत कंद लावायची हौस. स्टीलच्या पाइपाचा वीतभर तुकडा, खालची कड धार लावलेली, वर धरायला आडवी मूठ. मातीत दाबून फिरवली की मातीचा गोल ठोकळा निघतो, भोकात कंद ठेवायचा आणि ठोकळा परत बसवायचा. त्यानं तिला आपणहून दिलेली ती एवढी एकच वस्तू असावी. पुढे ती तिच्या हातून जिन्याच्या पायरीवर पडली आणि कड एका जागी बाहेर वळली. “एवढं कानशीनं सारखं करून द्या हो,” असं ती अधूनमधून म्हणायची. “आधी नीट धरायला शीक,” असं तो म्हणायचा. बायको डावखुरी होती.

मायक्रोमीटर बराच वेळ तसाच गुडघ्यावर बसून राहिला. पिनपॉइंटर मुठीत तापला आणि आपोआप गुणगुणायला लागला. त्यानं तो बंद केला. दर चौकोनाला एक. ठरावीक प्रमाणात. वाचनालयातल्या टाळ्या त्याला आठवल्या आणि कानाची पाळी गरम झाली. इतकी वर्षं रुंद फावड्याचा पहिला घाव घालून आपणच तो पुरावा उधळत होतो, हे त्याला कळलं. कुठला चौकोन, ते तर आपणच जेवताना सांगत होतो.

आणि तरीही, उठता उठता, त्याला एक गोड शंका चाटून गेली. आपला चेहरा पडलेला तिला बघवला नसेल. आपल्यासाठी ती शनिवारी संध्याकाळी या मैदानावर येत असेल, अंधारायच्या आत, पिशवीत नळी घेऊन. एवढं कोण कोणासाठी करतं? मैदानावरून घरी येईपर्यंत त्याचा राग निवळला होता. आज काहीतरी बोलावं, असं त्यानं ठरवलं होतं. काय ते अजून ठरायचं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे उघडायची. दुसरा मजला ओलांडला आणि त्याला हसणं ऐकू आलं. मेहुणी आलेली होती. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी ही बायकोची धाकटी बहीण दर रविवारी यायची आणि तो परतायच्या आत निघून जायची. पण हसत होती ती मेहुणी नव्हे. ते हसणं ओळखायला त्याला दोन पायऱ्या लागल्या.

“काटा या कप्प्यात कसा आला?” मेहुणी आवाज जाड करून म्हणत होती. “मी विचारतोय, काटा कसा आला? चालत आला?”

“पुरे गं, पोट दुखायला लागलं,” बायको म्हणाली. हसता हसता तिला ठसका लागला. “पाणी दे. आणि खुशाल सांड, कुणी बघत नाहीये.”

“काल काय पुरलं आपण? बकल ना? किती दिवस चालवणार हे, ताई? माझे गुडघे गेले त्या मैदानावर चालून.”

“माझे पाय चालतायत तोवर. भंगारवाल्याकडे अजून डबाभर माल आहे.”

“इतकी माया?”

मायक्रोमीटरनं कठडा धरला.

“पहिल्या वेळी माया होती,” बायको म्हणाली. “खोटं कशाला बोलू? हात हलवत यायचे बिचारे. म्हटलं, एक बटण सापडू दे. ते सापडलं त्या दिवशी दुपार टळून गेल्यावर आले आणि रात्रीपर्यंत त्या बटणाबद्दलच बोलले. मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.”

“म्हणजे त्यांच्यासाठी नाहीच.”

“तू राहून बघ गं महिनाभर. मी आंघोळीला गेले तरी बाहेरून सांगतात, पाणी किती वाहतंय. मेल्यावर तिरडीसुद्धा वाकडी बांधली म्हणतील. आठवड्यातला हा एवढा वेळ मी माणसात असते. तो मी विकत घेते, भंगाराच्या भावानं. महाग नाही.”

“आणि त्या नव्या यंत्राचं काय?”

“तीच तर धास्ती आहे. लवकर सापडलं तर लवकर येतील.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “म्हणून पुढच्या वेळी जरा खोल पुरू.”

दोघी पुन्हा हसल्या.

मायक्रोमीटर वर गेला नाही, खालीही गेला नाही. तो दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसला, यंत्र मांडीवर आडवं घेऊन. खालच्या मजल्यावरची शेजारीण बाजार घेऊन आली. “काय हो, किल्ली विसरलात?” तिनं विचारलं.

“नाही. जरा दम खातोय,” तो म्हणाला.

अपमानाची सवय नसलेल्या माणसाला तो एकदम पेलत नाही. त्याला आधी वाटलं, आत जावं आणि बकल टेबलावर आपटावं. मग वाटलं, मुलाला फोन करावा. मुलानं यंत्र पाठवलं होतं तेव्हा सोबत चिठ्ठीही नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं, आणि मुलानं ते कोणाच्या सोयीसाठी पाठवलं असावं या शंकेनं त्या यंत्राकडेही त्याला धड बघवेना. आपण कुणाचं काय वाईट केलं? फक्त चुका दाखवल्या. चुका होत्याच की. तो पुन्हा पुन्हा हिशेब जुळवून बघत होता आणि दर वेळी वरच्या खिडकीतून ते हसणं ऐकू येत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती असं हसायची. मग कधी बंद झालं, याची त्यानं नोंद घेतली नव्हती.

काही वेळानं मेहुणी खाली उतरायला लागली. त्याला बघून ती भिंतीला खेटून उभी राहिली.

“भावजी! तुम्ही... कधीचे आलात?”

“हा काय, येतोच आहे,” तो म्हणाला आणि बाजूला सरकून त्यानं तिला वाट दिली. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, तिथे काही सापडलं नाही, आणि ती भराभर उतरून गेली.

तो तिथेच बसून राहिला. नेहमीच्या रविवारची वेळ झाली तेव्हा उठला, जिन्यात मुद्दाम पाय वाजवले, किल्ल्या खुळखुळवल्या आणि आत गेला. घर चिडीचूप होतं. टेबल लख्ख होतं, कोपऱ्यांसकट. त्यानं बकल टेबलावर ठेवलं.

“अगं बाई!” बायको म्हणाली. तिच्या भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले, हात गालावर गेला. इतकी वर्षं तो या चेहऱ्यासाठी घाईघाईनं घरी येत होता. आज त्याला त्यातली कारागिरी दिसली. कुठे काही कमी-जास्त नव्हतं. तपासणीला पाठवायची गरज नाही, असं काम होतं.

“कधीच्या काळातलं असेल हो हे?” तिनं विचारलं.

मायक्रोमीटर खुर्चीवर बसला. त्यानं बकल उलटं केलं.

“घोडेस्वाराचं असावं,” तो म्हणाला. “हे बघ, मागची बाजू झिजलीय. म्हणजे पुष्कळ वापरातलं.” आणि मग तो बोलत राहिला, बकलाबद्दल, घोडेस्वारांबद्दल, पितळेबद्दल, रात्रीपर्यंत. तिला एका शब्दानं काही बोलला नाही. तिनं ठरलेल्या जागी मान डोलावली.

बुधवारी त्यानं बकल वाचनालयाच्या कपाटात नेऊन ठेवलं. ग्रंथपाल म्हणाला, “तुमच्या हाताला यश आहे बघा.” काचेवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते. ते त्यानं राहू दिले.

शनिवारी दुपारी जेवता जेवता तो म्हणाला, “उद्या बकलाच्या शेजारचा चौकोन. ओढ्याकडचा.”

“बरं,” बायको म्हणाली. मग जरा थांबून, “ते नवीन यंत्र कसं आहे?”

“फसवं निघालं. आपोआप गुणगुणतं. सेल काढून ठेवलाय त्याचा. आपलं फावडंच बरं. वेळ लागतो, पण लागू दे.”

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि ताटात अर्धी राहिलेली भाजी संपवली.

जेवण झाल्यावर तो गॅलरीत गेला. कुंड्यांच्या मागे नळी ठेवलेली होती, धुऊन पुसून. त्यानं ती उचलली, मूठ गुडघ्यांत पकडली आणि बारीक कानस काढली. बाहेर वळलेली ती कड तो हळूहळू घासत गेला, जराही घाई न करता, लेथवर काम करायचा तसा. मग अंगठा फिरवून बघितला. पुन्हा दोन हात मारले, पुन्हा अंगठा फिरवला. कुठे काही लागेना.

“हे काय करताय?” बायको दारात उभी होती.

“कड सारखी करतोय. कधीची म्हणत होतीस.”

“आजच कसं सुचलं?”

“राहून गेलं होतं.”

त्यानं नळी तिच्यासमोर धरली. तिनं डाव्या हातानं घेतली. तिचं बोट कडेवरून एकदा पूर्ण फिरलं आणि जिथे ती वळलेली कड असायची तिथे येऊन थांबलं. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

“चांगलं झालंय,” शेवटी ती म्हणाली.

“आता माग राहणार नाही मातीत,” मायक्रोमीटर म्हणाला आणि फरशीवर पडलेला लोखंडाचा कीस हातानं गोळा करायला लागला.

संध्याकाळी मेहुणी खालून हाक मारायला आली. बायकोनं चपला घातल्या आणि दारातून सांगितलं, “आम्ही जरा पाय मोकळे करून येतो.” तिच्या खांद्याला पिशवी होती. मायक्रोमीटर गॅलरीत उभा होता. तिथून रस्ता शेवटपर्यंत दिसायचा, उजवीकडे बाजार, डावीकडे मैदान. दोघी कोपऱ्यापर्यंत पोचल्या आणि त्या कुठल्या बाजूला वळतात ते दिसायच्या आत तो घरात आला आणि त्यानं दार लावून घेतलं.